बंद पडलेलं रेडिओ केंद्र परत हवेत आणायचं आहे? बेळगाव सीमाभागातून नेहमी येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात किंवा शेजारच्या चंदगड, गडहिंग्लज भागात सामुदायिक रेडिओ केंद्र बंद पडलं, की पहिले काही महिने लोक विचारत राहतात, "परत कधी लागणार?" मग विचारणंही थांबतं. अशा केंद्राला परत उभं करू पाहणाऱ्या संस्था, मंडळं, शिक्षक, तंत्रज्ञ आणि श्रोत्यांसाठी ही उत्तरं आहेत.

केंद्र बंद आहे. परवानगी अजून जिवंत आहे का, हे कसं ओळखायचं?

संस्थेच्या कपाटातून तीन कागद शोधा. पहिला, केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाशी झालेला परवानगी करार, ज्याला सगळे 'गोपा' म्हणतात. दुसरा, दूरसंचार खात्यात फ्रिक्वेन्सी वाटणाऱ्या डब्ल्यूपीसी शाखेचं वायरलेस ऑपरेटिंग लायसन्स. तिसरा, मनोऱ्याच्या जागेची आणि उंचीची 'सॅकफा' मंजुरी. तिन्हींवरच्या तारखा एका कागदावर लिहून काढा. पुढचं सगळं त्या तारखांवर ठरतं.

धोरणातली एक अट बहुतेकांना उशिरा कळते. प्रक्षेपण सलग तीन महिन्यांहून जास्त बंद राहिलं, तर परवानगी रद्द होऊ शकते आणि ती फ्रिक्वेन्सी पुढच्या पात्र अर्जदाराला दिली जाऊ शकते. म्हणून ट्रान्समीटर जळला, वीज पडली, मनोरा वाकला, काहीही झालं तरी त्याच आठवड्यात मंत्रालयाला लेखी कळवा. कारण लिहा, दुरुस्तीला लागणारा अंदाजे वेळ लिहा, फोटो जोडा. पत्राची पोच जपून ठेवा. दोन महिने गप्प राहून तिसऱ्या महिन्यात धावपळ करणाऱ्या संस्था याच अटीत अडकतात.

करार जिवंत असेल आणि फक्त वायरलेस लायसन्सचं शुल्क थकलं असेल, तर काम तुलनेने सोपं आहे. थकबाकी भरा, नूतनीकरणाचा अर्ज करा आणि उत्तर हातात आल्यावरच ट्रान्समीटर चालू करा. करार संपला किंवा रद्द झाला असेल, तर नव्याने अर्ज करावा लागतो. जुनं नाव आणि जुना लोगो वापरता येईल, पण जुनीच फ्रिक्वेन्सी मिळेल असं गृहीत धरू नका.

जुन्या संस्थेला आता रस नाही. परवानगी आमच्या संस्थेच्या नावावर करून मिळेल का?

नाही, ती हस्तांतरित होत नाही. संस्था तीच ठेवून कार्यकारी मंडळ बदलता येतं. संस्था कर्नाटक सोसायटीज रजिस्ट्रेशन कायदा, १९६० खाली नोंदलेली असेल, तर आधी निबंधक कार्यालयातली फाइल पाहून या. वर्षानुवर्षं वार्षिक विवरणं आणि लेखापरीक्षण भरलेलं नसतं. कागदावर अजून पंधरा वर्षांपूर्वीचे अध्यक्ष असतात. ते निस्तरल्याशिवाय दिल्लीला पाठवलेला अर्ज टिकत नाही.

नवा अर्ज कोण करू शकतं?

ना-नफा संस्था: नोंदणीकृत सोसायटी, सार्वजनिक न्यास, मान्यताप्राप्त शिक्षणसंस्था, कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र. स्वयंसेवी संस्थेला त्या भागात किमान तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. एकट्या व्यक्तीला अर्ज करता येत नाही. राजकीय पक्षांना आणि त्यांच्या संलग्न संघटनांनाही नाही. संस्थेच्या लेटरहेडवर पक्षाशी जोडलेली ओळख असेल, तर अर्जाआधीच त्याचा विचार करा. छाननीत हे निघतंच.

२०२४ च्या सुधारित धोरणानुसार अनेक जिल्ह्यांत काम करणारी एक संस्था वेगवेगळ्या जिल्ह्यांत मिळून जास्तीत जास्त सहा केंद्रं काढू शकते. पहिली परवानगी आता दहा वर्षांसाठी मिळते.

अर्जाच्या पायऱ्या कोणत्या?

मंत्रालयाच्या 'ब्रॉडकास्ट सेवा' पोर्टलवर अर्ज भरायचा. त्यानंतर गृह, संरक्षण आणि इतर खात्यांची मंजुरी आणि छाननी समिती. सगळं जमलं की इरादापत्र, म्हणजे परवानगी द्यायची तयारी असल्याचं पत्र येतं. २०२४ पासून त्याची मुदत एक वर्ष आहे, अडचण आल्यास वर तीन महिने मिळतात. या काळात 'सरल संचार' पोर्टलवरून फ्रिक्वेन्सी आणि सॅकफासाठी अर्ज करायचा. ते झालं की बँक हमी, मग करार, मग वायरलेस लायसन्स. २००६ च्या धोरणात अर्जाची फी २,५०० रुपये आणि बँक हमी २५,००० रुपये ठरली होती. पैसे भरताना पोर्टलवर त्या दिवशी दिसणारी रक्कमच धरा.

आपल्याकडे अर्ज सर्वांत जास्त रखडतो तो सॅकफापाशी. सांबऱ्याला विमानतळ आहे, हवाई दलाचं ठाणं आहे. बेळगाव शहराच्या पूर्वेला, मुतगे, बाळेकुंद्री, मारिहाळ या बाजूला मनोरा उभारायचा असेल, तर उंचीवर बंधन येऊ शकतं. अक्षांश-रेखांश गुगल नकाशावर अंदाजाने टोचू नका. जागेवर उभं राहून जीपीएसने अंश, मिनिट, सेकंद घ्या आणि समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहा. अर्जातला बिंदू आणि प्रत्यक्ष मनोरा यांत फरक निघाला, तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

कर्नाटकात मराठी कार्यक्रमांना परवानगी मिळते का?

मिळते. परवानगी राज्य सरकार देत नाही, केंद्र सरकार देतं. धोरणाचं म्हणणं एवढंच, की कार्यक्रम स्थानिक लोकांच्या भाषेत आणि बोलीत असावेत आणि किमान निम्मा मजकूर स्थानिकांच्या सहभागातून तयार झालेला असावा. खानापुरात घराघरांत मराठी बोलली जात असेल, तर केंद्राची भाषा मराठीच असणार. राज्यघटनेचं कलम २९ आपली भाषा आणि संस्कृती जपण्याचा हक्क प्रत्येक समूहाला देतंच.

तरी अर्जात 'फक्त मराठी' असं लिहू नका, आणि खरंही ते नाही. या भागात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलली जाते. बाजारात बाई भाव मराठीत विचारते आणि घासाघीस कन्नडमध्ये करते. रोज अर्धा तास कन्नड, आठवड्यातून एकदा उर्दू आणि कोकणी, असा आराखडा ठेवलात तर श्रोते दुप्पट होतात आणि केंद्रावर कुणाचा रागही राहत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: मराठी रेडिओ टिकवायचा, तर शेजारच्या कन्नड घरातही तो लागला पाहिजे.

सीमाप्रश्नावर चर्चा करता येईल का?

नाही. राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम धोरणातच बसत नाहीत. १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, २००४ पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा, हे विषय लोकांच्या जिव्हाळ्याचे आहेत, पण त्यांवर एक तासाची चर्चा घेतली तर दहा वर्षांची परवानगी धोक्यात येते. भाषा, ओव्या, सण, शेती, शाळा, आजीच्या आठवणी यांवर मात्र कुणीही बोट ठेवू शकत नाही.

आणि बातम्या?

स्वतःच्या बातम्या नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र बदल न करता लावता येतं. हवामान, पाणी कधी सुटणार, हेस्कॉमची वीजकपात, परीक्षेच्या तारखा, नोकरीच्या जागा, गावच्या लक्ष्मीच्या यात्रेचं वेळापत्रक, आरोग्य खात्याची सूचना, ही माहिती बातमी धरली जात नाही. राकसकोप जलाशयाची पाणीपातळी सांगता येते. ती कमी का झाली याचा दोष कुणाला द्यायचा, हे सांगता येत नाही.

किती लांबपर्यंत ऐकू येईल?

धोरणानुसार परिणामी शक्ती (केबलमधली घट आणि अँटेनाने दिलेली वाढ धरून बाहेर पडणारी शक्ती) १०० वॉटपर्यंत आणि अँटेनाची उंची जमिनीपासून ३० मीटरपर्यंत. विशेष गरज सिद्ध केली तर २५० वॉटचा विचार होऊ शकतो. सपाट भागात साधारण १० ते १२ किलोमीटर धरा.

एफएम लाट साधारण नजरेच्या रेषेत जाते. ३० मीटर उंच अँटेना आणि माणसाच्या हातातला संच यांच्यात रेडिओ क्षितिज हिशेबाने २५ किलोमीटरच्या पुढे जातं, पण तिथपर्यंत जोर उरत नाही. आपल्याकडचा खरा अडसर डोंगर आहेत. निपाणी-सदलग्याकडे, वेदगंगा-दूधगंगेच्या सपाट खोऱ्यात, सिग्नल मोकळा पसरतो. जांबोटी-कणकुंबीकडे एक टेकडी मध्ये आली की दोन किलोमीटरवरच्या वाडीतही नुसती खरखर. बेळगावच्या पश्चिमेला वैजनाथच्या डोंगराच्या सावलीत येणाऱ्या गावांचंही तेच.

म्हणून मनोऱ्याची जागा ठरवताना संस्थेच्या मालकीची इमारत हा निकष शेवटी ठेवा. आधी नकाशावर ज्या पंधरा गावांना आवाज हवा आहे ती लिहा, मग त्या प्रत्येक गावाकडे मोकळी नजर कुठून जाते ते पाहा. ४० मीटर उंच टेकाडावरचा १५ मीटरचा मनोरा खोलगटातल्या ३० मीटरच्या मनोऱ्याला सहज हरवतो. १५ मीटर ही धोरणातली किमान उंचीही आहे.

५० वॉटचा ट्रान्समीटर पुरेल का?

पुरेल. पण केबल चांगली घ्या, इथे पैसे वाचवू नका. ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत ४० मीटर केबल लागली असं धरू. साधी आरजी-२१३ केबल घातली तर ९० मेगाहर्ट्झच्या आसपास सुमारे अडीच डेसिबल वाया जातात, म्हणजे ५० पैकी २७-२८ वॉटच वर पोहोचतात. अर्धा इंची फोम केबल घातली तर ४० वॉटच्या वर पोहोचतात. दोन द्विध्रुवांची (डायपोलची) अँटेना साधारण ३ डेसिबल वाढवून देते, म्हणजे जवळपास दुप्पट. साध्या केबलने परिणामी शक्ती ५५ वॉट होते, फोम केबलने ८० च्या वर. ट्रान्समीटर तोच.

९०.४ मेगाहर्ट्झसाठी द्विध्रुवाची लांबी १.५८ मीटरच्या आसपास येते. ९१.२ साठी ती एक-दीड सेंटिमीटरने कमी होते. एका फ्रिक्वेन्सीसाठी कापलेली जुनी अँटेना दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर मोजल्याशिवाय वापरू नका.

आम्हाला कोणती फ्रिक्वेन्सी मिळेल?

ते डब्ल्यूपीसी ठरवतं. सामुदायिक केंद्रांना बहुतेक ९०.४, ९०.८ किंवा ९१.२ मिळते. बेळगाव शहरात केएलई संस्थेचं वेणुध्वनी केंद्र ९०.४ वर आहे, त्यामुळे शहराजवळ वेगळी फ्रिक्वेन्सी धरून चाला.

जुना ट्रान्समीटर वर्ष-दोन वर्षं बंद आहे. सरळ चालू करू का?

अजिबात नाही. या क्रमाने जा.

वीज जोडण्याआधी झाकण उघडा. खानापूरच्या पावसात बंद खोलीत ठेवलेल्या पेटीत बुरशी, गंज आणि बऱ्याचदा उंदराचं घर सापडतं. कुरतडलेल्या वायरी, फुगलेले कपॅसिटर, अडकलेला पंखा बघा. लाल माती ब्रशने काढा, ओल्या फडक्याने नाही. नंतर पेटी दोन दिवस कोरड्या, उबदार खोलीत उघडी ठेवा.

मग अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे शक्ती हवेत न सोडता उष्णतेत जिरवणारा रोध जोडा, किमान १०० वॉटचा. अँटेना किंवा लोड न जोडता ट्रान्समीटर चालू केला, तर शेवटच्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर काही सेकंदांत जातो, आणि तोच भाग सर्वांत महाग असतो. ५ वॉटवर दहा मिनिटं, मग २० वॉटवर, मग ५० वॉटवर, आणि त्या पूर्ण शक्तीवर एक तास. हीटसिंकला हात लावून धरता येत नसेल तर पंखा किंवा थर्मल पेस्ट बघा. फ्रिक्वेन्सी काउंटर या यंत्रावर फ्रिक्वेन्सी मोजा. ठरलेल्या आकड्यापासून ती २ किलोहर्ट्झच्या आत राहायला हवी.

लोडवर सगळं ठीक चाललं तरच केबल आणि अँटेनाकडे वळा. अँटेना सुटी करून केबलच्या एका टोकाला मल्टिमीटर लावा. दुसरं टोक उघडं असताना काहीच दाखवायला नको, दुसऱ्या टोकाला शॉर्ट केलं की शून्याजवळ आलं पाहिजे. अँटेना जोडलेली ठेवून ही तपासणी करू नका. कित्येक अँटेना डीसीला शॉर्टच दिसतात आणि चांगली केबल उगाच फेकली जाते.

ट्रान्समीटर बदलावा लागला तर परवान्यातल्या नोंदी बदलून घ्या.

पावसाळ्यात आवाज क्षीण होतो, ट्रान्समीटर आपोआप शक्ती कमी करतो. का?

दहातल्या नऊ वेळा केबलमध्ये पाणी उतरलेलं असतं. वरच्या जोडाला गुंडाळलेली साधी काळी इन्सुलेशन टेप उन्हाने वाळते, सुटते. जूनमध्ये पहिली झड आली की पाणी जोडातून विणलेल्या तांब्याच्या जाळीत शिरतं आणि जाळीतून खाली सरकत राहतं. कनेक्टर उघडला तर आतली पितळी पिन हिरवी पडलेली दिसते, कधी दोन थेंब पाणी हातावर पडतं. तेवढं पुरतं.

अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते एसडब्ल्यूआर मीटर दाखवतो. तो १.५ दाखवत असेल तर ४ टक्के शक्ती परत येते, ते चालतं. २ म्हणजे ११ टक्के. ३ म्हणजे २५ टक्के, आणि तिथे ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला शक्ती उतरवतो. हा आकडा रोज सकाळी वहीत लिहा. १.२ वरून आठवड्यात १.६ झाला तर जोड खराब होऊ लागला आहे, पूर्ण बिघडायची वाट पाहू नका.

उपाय: एन-टाइप कनेक्टर, त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर, अर्धी अर्धी चढवत, आणि तिच्यावर उन्हाला टिकणारी टेप. इमारतीत शिरण्याआधी केबलला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथे ठिबकून जाईल. हे काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. पाणी शिरलेली केबल वाळवून परत वापरता येत नाही, तेवढा भाग कापूनच टाकावा लागतो.

वळवाच्या विजांपासून यंत्रं कशी वाचवायची?

एप्रिल-मेमधला वळीव पावसाळ्यापेक्षा जास्त केंद्रं जाळतो. मनोऱ्याच्या टोकाला वीजरोधक, तिथून जमिनीपर्यंत सरळ तांब्याची पट्टी, तिला काटकोनात वळणं नकोत. अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या खाली हवा. जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात माती वाळली की तो कितीतरी वाढतो, म्हणून मार्चपासून दर चार दिवसांनी खड्ड्यात दोन घागरी पाणी ओता. मनोऱ्याचं आणि स्टुडिओचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं असावं. वेगळं ठेवलं तर वीज पडताना दोन्हींमध्ये मोठा दाब तयार होतो आणि तो मिक्सर-संगणकातून वाट काढतो. आभाळ भरून आलं की प्रक्षेपण थांबवा आणि केबल सोडवून बाहेर ठेवा. अर्ध्या तासाचा कार्यक्रम बुडाला तरी चालेल.

वीज गेली की काय?

५० वॉटचा ट्रान्समीटर, मिक्सर, संगणक आणि एक पंखा मिळून ४०० वॉटच्या आसपास ओढतात. १५० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या आणि इन्व्हर्टरवर चार-साडेचार तास निघतात. बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नका, नाहीतर दोन वर्षांतच बदलावी लागते. इन्व्हर्टर शुद्ध साइन लाटेचा घ्या. स्वस्त इन्व्हर्टरची घरघर थेट आवाजात येते.

स्टुडिओला किती जागा लागते?

दहा बाय बाराची एक खोली आणि शेजारी छोटी खोली पुरे. भिंतींना महागड्या फोमऐवजी जाड पडदे आणि वाकळी टांगा. वाकळ आवाज छान पिते. छत पत्र्याचं असेल तर पावसाळ्यात थेट कार्यक्रम होणार नाहीत, तेवढं खालून आच्छादन करून घ्या. दोन डायनॅमिक माइक, चार वाहिन्यांचा मिक्सर, हेडफोन, दोन हातातले रेकॉर्डर आणि संपादनाला ऑडॅसिटी, जी फुकट आहे. माइक तोंडापासून एक वीत, जरा बाजूला. आवाजाची सरासरी -१२ डेसिबलच्या आसपास आणि शिखर -६ च्या खाली ठेवा. लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेवर रोखणारं साधन) नसेल तर भजनातला पखवाज प्रत्येक थापेला आवाज फाडतो.

प्रत्येक कार्यक्रम प्रसारणानंतर तीन महिने जपून ठेवणं बंधनकारक आहे. रोज आठ तास, ६४ केबीपीएसने साठवलं तर तीन महिन्यांना २१ जीबी लागतात. पेनड्राइव्हएवढी जागा आहे, पण ती राखली नाही म्हणून उत्तर द्यावं लागतं.

जुन्या केंद्राच्या कॅसेट, सीडी, हार्डडिस्क पडून आहेत. त्यांचं काय?

हे काम परवानगीच्याही आधी करा. बंद केंद्राचा खरा ठेवा हाच आहे. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या कित्येक बायका आज हयात नाहीत, त्यांचा आवाज त्या कॅसेटमध्येच आहे.

कॅसेटला पांढरी बुरशी असेल तर ती प्लेअरमध्ये घालू नका, पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. दर तीन-चार कॅसेटनंतर हेड स्पिरिटने पुसा. नोंद डब्ल्यूएव्हीमध्ये करा. मोनो एका तासाला सुमारे ३२० एमबी लागतात. एमपी३ नंतर कधीही काढता येते, उलट होत नाही. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात. फाइलच्या नावातच गाव, वर्ष, विषय लिहा. 'नवीन फोल्डर २' या नावाखाली गेलेलं परत सापडत नाही. पुन्हा प्रसारित करण्याआधी त्या व्यक्तीची किंवा घरच्यांची लेखी संमती घ्या.

सिनेमाची गाणी लावता येतात का?

परवाना घेऊन. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल किंवा संबंधित कंपनी. इथे एक गफलत नेहमी होते. तुकोबांचा अभंग कुणाच्या मालकीचा नाही, पण कॅसेटमधल्या त्या अभंगाचं ध्वनिमुद्रण कंपनीचं असतं, प्रकाशनापासून ६० वर्षं. तोच अभंग गावच्या भजनी मंडळाकडून स्वतः रेकॉर्ड केलात तर मंडळाची संमती पुरते. आणि श्रोत्यांना स्वतःच्या गावचं भजन ऐकायला जास्त आवडतं.

कार्यक्रम करायला माणसं किती लागतात?

केंद्रं बहुतेक इथेच पडतात. रोज दोन तास ताजे कार्यक्रम ठरवले तर आठवड्याला अर्ध्या तासाचे २८ कार्यक्रम झाले. गावात जाऊन रेकॉर्ड करणं, ऐकणं, कापणं, निवेदन जोडणं, यात एका कार्यक्रमाला सरासरी पाच तास जातात. म्हणजे आठवड्याला १४० तास. प्रत्येक स्वयंसेवक आठवड्याला पाच तास देणार असेल तर २८ जण हवेत. एवढे पहिल्या महिन्यात असतात. सुगी आली, बारावीची परीक्षा आली, लग्नसराई आली, की नऊ उरतात. मग त्या नऊ जणांवर सगळं पडतं आणि वर्षाच्या आत तेही थकतात.

सुरुवात रोज एका ताज्या तासाने करा. सकाळी साडेसहाला लावलेलं दुपारी दीडला आणि रात्री आठला पुन्हा लावा, ऐकणारे वेगवेगळे असतात. किमान दोघांना, भलेही थोडं, पण नियमित मानधन द्या: एक तंत्रज्ञ, एक कार्यक्रम समन्वयक. या दोघांविना चालणारं केंद्र आम्हाला टिकाऊ वाटत नाही.

विषय हंगामावर बांधा. रोहिणीच्या आधी भाताचं बियाणं आणि बीजप्रक्रिया, लावणीच्या दिवसांत आषाढी, पश्चिम भागात रताळी आणि काजू, चिकोडीकडे ऊसतोड. निपाणीत दुपारी विडी वळणाऱ्या बायकांचे हात कामात असतात आणि कान मोकळे. त्यांच्यासाठी दुपारचा तास राखून ठेवा, आणि त्यात त्यांना उपदेश नको, त्यांचाच आवाज हवा. सल्लागार व मजकूर समितीत निम्म्या स्त्रिया असणं २०२४ पासून बंधनकारकच आहे. नावापुरत्या बसवू नका, वेळापत्रक त्यांच्यापुढे ठेवा.

पैसे कुठून येणार?

तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिरात चालते. सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदांना ७४ रुपये, म्हणजे ३० सेकंदांना २२२. रोज अशा दहा लागल्या तर महिन्याला ६६ हजारांच्या वर होतात, पण त्या रोज मिळत नाहीत आणि बिलं उशिरा निघतात. अंदाजपत्रकात सरकारी जाहिरात शून्य धरा, आली तर वरकड. स्थानिक दुकान, दवाखाना, बियाणं केंद्र, खानावळ यांच्या जाहिराती, दूध सोसायटी आणि पतसंस्थांची वर्गणी, यांवर महिन्याचा खर्च उभा करा. दोनशे घरांनी महिन्याला ५० रुपये दिले तर १०,००० होतात. वीजबिल आणि एका मानधनाचा बराच भाग त्यात निघतो, आणि देणारं घर केंद्राला आपलं म्हणतं.

परवानगी येईपर्यंत ऑनलाइन मिळणारा छोटा एफएम ट्रान्समीटर लावला तर?

लावू नका. विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे, यंत्रं जप्त होतात आणि संस्थेचा पुढचा अर्जही अडचणीत येतो. शिवाय स्वस्त पेट्यांची लाट शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर सांडते. विमानसेवेची रेडिओ फ्रिक्वेन्सी एफएम पट्ट्याला लागूनच, १०८ मेगाहर्ट्झच्या वर सुरू होते, आणि सांबरा जवळ आहे.

त्याऐवजी हवेशिवाय कार्यक्रम सुरू करा. आठवड्याला दोन भाग व्हॉट्सॲपवर, महिन्यातून एकदा चावडीवर किंवा हळदीकुंकवाच्या वेळी स्पीकरवर सामूहिक ऐकणं, बाजाराच्या दिवशी दुकानात पेनड्राइव्ह. कोलार जिल्ह्यातल्या बुदिकोटेत 'नम्म ध्वनी'ने केबलच्या तारेवरूनच घराघरांत आवाज नेला होता. सहा महिने असे कार्यक्रम करून दाखवलेत तर छाननी समितीपुढे ठेवायला पुरावा तयार होतो, आणि कोण टिकणार, कोण नाही, तेही कळतं. जमल्यास जत तालुक्यातल्या जालिहाळचं येरळावाणी आणि म्हसवडचं माणदेशी तरंग वाहिनी ही केंद्रं चालू असताना एक दिवस बसून बघून या.

हल्ली मोबाइलमध्ये रेडिओच नसतो. ऐकणार कोण?

कित्येक फोनमध्ये एफएमची चिप असते, ॲप झाकलेलं असतं. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना एफएम बंद न करण्याची सूचना दिली आहे. वायरचा इअरफोन जोडा, तीच अँटेना होते. ब्लूटूथवाला चालत नाही. शेतात, गोठ्यात, रिक्षात साधा संच अजून आहे.

चाचणी प्रक्षेपणाच्या दिवसांत काय नोंदवायचं?

गावागावांत एकेक माणूस ठरवा आणि पंधरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडून पाच गोष्टी घ्या: गाव आणि गल्ली, संच कुठला, घरात की अंगणात, आवाज १ ते ५ पैकी किती, आणि मागे दुसरं केंद्र ऐकू येतं का. घरात २ आणि अंगणात ४ असेल तर सिग्नल पुरेसा आहे, स्लॅबचं छत अडवतंय, खिडकीत ठेवायला सांगा. दोन्हीकडे १ असेल तर डोंगर आडवा आहे. एकाच दिशेच्या सगळ्या गावांत आवाज कमी असेल, तर अँटेना मनोऱ्याच्या कुठल्या बाजूला बसवली आहे ते बघा. लोखंडी मनोरा मागच्या बाजूला सावली पाडतो. अँटेना मनोऱ्यापासून किमान पाऊण मीटर बाहेर काढा आणि ज्या गावांना आवाज कमी पडतो त्यांच्याकडे तोंड करून बसवा. मग आणखी पंधरा दिवस त्याच माणसांकडून त्याच नोंदी घ्या.